रोजच्या आकाशाची सव्वाशे वर्षे

कोडाईकनालच्या वेधशाळेची स्थापना १ एप्रिल १८९९ ची. तिला सव्वाशे वर्षे पुरी झाली, त्या निमित्ताने बीदर-कलबुर्गी सीमाभागातील मराठी वाचकांसाठी, तिच्यातूनच घडलेल्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचा इतिहास लिहायचा आहे. संस्थेचे मुख्यालय आपल्याच राज्यात, बंगळुरूच्या कोरमंगल भागात आहे. तरीही औराद, भालकी, बसवकल्याणकडच्या पुष्कळ घरांत तिचे नाव पहिल्यांदा पोहोचले ते २०१३ साली. लडाखच्या सीमेवर सैन्याने अनोळखी दिव्यांचा तपास चालवला होता आणि ते दिवे कसले, हे या संस्थेने सांगितले, अशी बातमी तेव्हा आली होती. त्या तपासाची हकिकत पुढे सविस्तर येईलच. पण तो प्रश्न सुटला तो दोन शास्त्रज्ञ अचानक हुशार निघाले म्हणून नव्हे. ज्या संस्थेने ओळखीच्या आकाशाची नोंद पिढ्यान्‌पिढ्या ठेवली, तिलाच अनोळखी दिव्याची ओळख पटवता आली. म्हणून हा इतिहास मुळापासून सांगायला हवा.

आपल्या भागालाही वेधशाळेचे स्वप्न नवे नाही. कलबुर्गीच्या गादीवरून राज्य करणाऱ्या फिरोजशहा बहामनीने पंधराव्या शतकाच्या आरंभी दौलताबादजवळच्या घाटावर वेधशाळा बांधायला घेतली होती. ज्याच्या भरवशावर काम सुरू झाले तो विद्वान वारला आणि बांधकाम अर्धवट राहिले. बीदरला महमूद गवानाचा मदरसा उभा राहिला, तो त्यानंतर सुमारे पासष्ट वर्षांनी. माणूस गेला की काम थांबते, हे आपल्याकडे अनेकदा घडले. या संस्थेत माणसे गेली, सरकारे बदलली, पण काम चालू राहिले. तिचे मोठेपण मला त्यातच दिसते.

१७८६ ते १८६० : मद्रासचा वाडा

संस्था आपले मूळ १७८६ पर्यंत नेते. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी विल्यम पेट्री यांनी मद्रासला एग्मोरच्या आपल्या घरी खासगी वेधशाळा सुरू केली. कंपनीने ती ताब्यात घेतली आणि १७९२ मध्ये नुंगमबाक्कमला तिची इमारत झाली. जहाजांना आणि जमीन मोजणाऱ्यांना अचूक वेळ व अचूक रेखांश हवे होते, हे त्यामागचे कारण. पुढे रेल्वे आली तेव्हा देशभरातल्या गाड्या मद्रास वेळेवर धावू लागल्या. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू होण्याआधी वाडी जंक्शनवर थांबणाऱ्या गाडीचे घड्याळही या वेधशाळेतल्या ताऱ्यांच्या वेधावर लावलेले असे.

१८६० चे दशक : पिवळी रेषा

१८६१ मध्ये नॉर्मन पॉग्सन मद्रासचे सरकारी खगोलशास्त्रज्ञ झाले आणि त्याच वर्षी त्यांनी एक लघुग्रह शोधला. त्याला नाव दिले ‘एशिया’. त्यांचे सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये तेज बदलणारा एक तारा शोधून काढला. सहायकांच्या कामाची नोंद त्यांच्या नावानिशी उरली आहे, हे त्या काळात विरळच.

मग आले १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण. चंद्राची सावली दख्खनच्या पठारावरून आडवी गेली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल, विजापूरला कॅप्टन हेग, गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रान्सचे जान्सेन, तर मच्छलीपट्टणला पॉग्सन दुर्बिणी रोखून बसले होते. यांतले तिघे लष्करी अधिकारी होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ऑगस्ट महिना, ढग दाटलेले. जमखंडीला सूर्य मधूनमधूनच दिसला. तरी ग्रासलेल्या बिंबाच्या कडेला उसळलेल्या लाल ज्वाळांचा प्रकाश हर्शेल यांनी लोलकातून पाहिला आणि त्यात सुट्या तेजस्वी रेषा आढळल्या. म्हणजे त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या होत्या. त्या रेषांत एक पिवळसर नारिंगी होती. सोडियमची असावी, असे पहिल्यांदा वाटले. पण तिची जागा सोडियमच्या रेषेशी नेमकी जुळेना. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी त्याच वर्षी तिचा पाठपुरावा केला आणि पृथ्वीवर तोवर न सापडलेल्या मूलद्रव्याची ती खूण ठरली. तेच हेलियम. १८९५ मध्ये रॅम्से यांना ते पृथ्वीवरही सापडले. लॉकियर ग्रहणासाठी विजयदुर्गावर आले होते असे कोकणात आवडीने सांगतात, पण ते त्या वेळी इंग्लंडातच होते. वेध घेतले ते इथल्या उन्हापावसात उभ्या असलेल्या माणसांनी, आणि त्यात जमखंडीचा वाटा आहे.

लष्करातल्या माणसांनी आकाशातला न ओळखलेला प्रकाश मोजावा आणि वेधशाळेने त्याचा अर्थ लावण्यात हात द्यावा, या रीतीचा आपल्या मुलखातला हा पहिला मोठा दाखला आहे.

१८७० ते १९०० : दुष्काळ आणि डोंगर

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने मद्रास, म्हैसूर, मुंबई इलाख्याचा दक्षिण भाग आणि निजामाचे राज्य होरपळून काढले. लाखो माणसे दगावली. पाऊस का रुसतो, सूर्यावरच्या डागांशी त्याचा संबंध आहे का, हा प्रश्न सरकारला पडला आणि दुष्काळ आयोगाच्या विचारविनिमयातून सूर्याच्या नियमित वेधांची शिफारस पुढे आली. चार्ल्स मिची स्मिथ यांनी पळणीच्या डोंगरातली कोडाईकनालची जागा निवडली. उंची सुमारे २,३४० मीटर, धूळ कमी, हवा निवळ. १८९५ मध्ये पायाभरणी झाली आणि १८९९ मध्ये मद्रासचे खगोलविषयक काम डोंगरावर गेले. पावसाचे कोडे सूर्यडागांनी सुटले नाही. पण भुकेने मेलेल्यांच्या आठवणीतून सूर्याचे जे रोजचे दप्तर सुरू झाले, ते आजही लिहिले जात आहे.

पुण्यातही त्याच सुमारास काम चालू होते. सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून वेधशाळा उभारली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचे वेध त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला घेतले.

१९०१ ते १९२० : काचेच्या पट्ट्या

१९०१ पासून कोडाईकनालला नियमित वेध सुरू झाले. १९०४ पासून रोज सूर्याचे छायाचित्र काचेच्या पट्टीवर उतरू लागले. आधी पांढऱ्या प्रकाशात आणि कॅल्शियमच्या रेषेत, काही वर्षांनी हायड्रोजनच्या रेषेतही. जॉन एव्हरशेड १९०७ मध्ये आले आणि जानेवारी १९०९ मध्ये त्यांनी सूर्यडागातला वायू मध्यापासून कडेकडे वाहतो हे दाखवले. जगभर तो ‘एव्हरशेड परिणाम’ म्हणून शिकवला जातो. १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिथली २० इंची दुर्बीण कोडाईकनालला आली. पुण्याचे काम असे डोंगरावरच्या कामात मिसळले.

रोज सकाळी आकाश उघडे आहे का हे पाहणारे, आरसा पुसणारे, पट्टी धुऊन वाळवणारे आणि तिच्यावर तारीख घालणारे जे कर्मचारी होते, त्यांपैकी बहुतेकांची नावे ग्रंथांत नाहीत. पण आज शंभरहून अधिक वर्षांचा सूर्य सलग पाहता येतो, तो त्यांच्या हातांमुळे.

१९२१ ते १९६० : टिकून राहण्याची वर्षे

संचालक रॉइड्स यांच्यानंतर १९३७ मध्ये अ. ल. नारायण हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. महायुद्धात साधने आटली, तरी वेध चालू राहिले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मेघनाद साहा यांच्या समितीने खगोलशास्त्राच्या विस्ताराची आखणी केली आणि अनिलकुमार दास यांच्या काळात बोगद्यातल्या मोठ्या सौर दुर्बिणीचे काम मार्गी लागले.

या काळाचा एक धागा आपल्या जुन्या राज्यातून जातो. १९५६ पर्यंत बीदर हैदराबाद संस्थानात, नंतर हैदराबाद राज्यात होते. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये हैदराबादला सुरू केलेली निझामिया वेधशाळा पुढे सरकारने चालवली. तिथल्या एका सहायकाचा मुलगा दुर्बिणींच्या सहवासात वाढला, निझाम कॉलेजात शिकला आणि हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेला. तिथे १९४९ मध्ये त्याला एक नवा धूमकेतू सापडला. तो मुलगा म्हणजे वेणू बाप्पू. त्या शिष्यवृत्तीच्या पैशात बीदरच्या रयतेचा शेतसाराही होता, असे म्हणायला हरकत नाही. त्याच निझामिया वेधशाळेची धुरा पुढे प्रा. कृ. दा. अभ्यंकर या मराठी शास्त्रज्ञाने वाहिली.

१९६० चे दशक : कावलूर

१९६० मध्ये बाप्पू कोडाईकनालचे संचालक झाले. सूर्यासाठी डोंगर चांगला होता, पण ताऱ्यांसाठी ढगाळ. त्यांनी तमिळनाडूतल्या जवादी टेकड्यांत कावलूर हे चंदनाच्या जंगलातले गाव निवडले. कोडाईकनालच्या कार्यशाळेत बनवलेली ३८ सेंटिमीटरची दुर्बीण १९६८ मध्ये तिथे लागली. परदेशातून यंत्र मागवण्याइतके परकीय चलन हाताशी नव्हते, म्हणून ते आपल्या हातांनी घडवायचे, ही सवय इथून पडली.

१९७० आणि १९८० ची दशके : स्वायत्तता

१ एप्रिल १९७१ रोजी वेधशाळा हवामान खात्यातून वेगळी झाली आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था हे नाव रूढ झाले. काही वर्षांतच मुख्यालय बंगळुरूला आले. डोंगरावरून शहरात येण्याचा असा बदल सगळ्यांच्या एकदम पचनी पडत नसतो. पण जुन्या-नव्या सर्वांनी मिळून घडी बसवली आणि वेधांत खंड पडू दिला नाही.

१९७२ मध्ये कावलूरला एक मीटरची दुर्बीण लागली आणि त्याच वर्षी गुरूच्या गॅनिमीड या चंद्राभोवती विरळ वातावरण असल्याची चिन्हे तिच्यातून टिपली गेली. १० मार्च १९७७ ला युरेनस एका ताऱ्यासमोरून गेला तेव्हा ताऱ्याचे तेज ग्रहाआडून जाण्यापूर्वीच मंदावले. त्या रात्री जगात मोजक्या ठिकाणी हे पाहिले गेले, त्यांत कावलूर होते. युरेनसची कडी अशी कळली. रेडिओ लहरींसाठी गौरीबिदनूरला रामन संशोधन संस्थेच्या जोडीने दुर्बीण उभी राहिली. १६ फेब्रुवारी १९८० ला कारवार, हुबळी, रायचूरवरून खग्रास ग्रहणाची पट्टी गेली आणि कर्नाटकात देशभरातले शास्त्रज्ञ जमले.

बाप्पू १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाचे अध्यक्ष झाले. १९ ऑगस्ट १९८२ रोजी म्युनिकला त्यांचे निधन झाले, वय अवघे ५५. त्यांनी आखलेली २.३४ मीटरची दुर्बीण सहकाऱ्यांनी पुरी केली. तिचा आरसा संस्थेतच घासून तयार झाला. ६ जानेवारी १९८६ ला पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते तिला बाप्पूंचे नाव दिले गेले. फिरोजशहाच्या वेधशाळेचे जे झाले ते इथे झाले नाही.

१९९० आणि २००० ची दशके : हानले

नागपूरला जन्मलेले रामनाथ कौशिक संचालक असताना हिमालयापलीकडच्या कोरड्या आकाशाचा शोध जोरात सुरू झाला. लडाखमधल्या हानलेची जागा ठरली. उंची ४,५०० मीटर, पाऊस नावापुरता, थंडी हाडे गोठवणारी. डोंगराला संस्थेने सरस्वती नाव दिले. दोन मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीत २६-२७ सप्टेंबर २००० च्या रात्री पहिला प्रकाश आला. दुर्बीण हानलेला आणि ती चालवणारे हात बंगळुरूजवळच्या होसकोटेला, मध्ये उपग्रहाचा दुवा, अशी ही व्यवस्था. विरळ हवेत बर्फ तुडवत जनित्रे, वाहिन्या आणि रस्ते सांभाळणाऱ्या अभियंत्यांचे आणि स्थानिक लडाखी कर्मचाऱ्यांचे श्रेय शास्त्रज्ञांच्या बरोबरीचे आहे.

२०११ ते २०२० : पँगाँगवरचे दिवे

ऑगस्ट २०१२ पासून पूर्व लडाखात पँगाँग सरोवराच्या परिसरात तैनात असलेल्या जवानांना पिवळसर तेजस्वी गोळे दिसू लागले. ते पूर्वेला, चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून वर येत आणि तासन्‌तास आकाश ओलांडत जात. फेब्रुवारी २०१३ पर्यंत सैन्याकडे अशा ३२९ नोंदी जमल्या. त्यांपैकी १५५ वेळा दिव्याने प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडल्याचे लिहिलेले होते. हेरगिरी करणारी चिनी मानवरहित विमाने असावीत, ही शंका रास्त होती. सीमेवर ताण होता, आणि एप्रिल २०१३ मध्ये देपसांगला दोन्ही सैन्ये समोरासमोर आलीच. त्या वेळच्या वृत्तांनुसार सैन्याने डोंगरावर रडार नेले, पण डोळ्यांना दिसणारी वस्तू रडारवर उमटेना. त्यामुळे गूढ आणखी वाढले. वृत्तपत्रांत उडत्या तबकड्यांचे मथळे आले. तबकड्या दिसल्याचा निर्णायक पुरावा नाही, असे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांना संसदेत सांगावे लागले.

सैन्याने भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारले. प्रश्न साधा होता : वस्तू आकाशातली की पृथ्वीवरची? तुषार प्रभू यांच्यासारख्या अनुभवी शास्त्रज्ञांनी सुरुवात केली ती जवानांच्या नोंदींपासून. वस्तू किती वाजता उगवते, किती वाजता नाहीशी होते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आजूबाजूच्या ताऱ्यांच्या संदर्भात ती कशी सरकते, हे पाहिले. एक दिवा संध्याकाळी सहाच्या सुमारास दिसे आणि पहाटे पाचपर्यंत राही. दुसरा पहाटे चारला येई आणि दिवस वर आल्यावरही, अकरापर्यंत दिसे. निष्कर्ष निघाला : पहिला गुरू, दुसरा शुक्र.

त्या वर्षीचे पंचांग समोर ठेवले की हे किती चपखल बसते ते कळते. ३ डिसेंबर २०१२ ला गुरू सूर्याच्या बरोबर समोर होता. अशा वेळी तो सूर्यास्ताला उगवतो, रात्रभर असतो आणि वर्षातला सर्वांत तेजस्वी दिसतो. तो वृषभ राशीत, रोहिणीच्या शेजारी होता. शुक्र त्या हिवाळ्यात पहाटेची चांदणी होता. दोघेही पूर्वेला उगवणार, आणि पँगाँगच्या पूर्वेला चीनचा ताबा. म्हणजे पलीकडून उठून आपल्याकडे येणारा दिवा रोज दिसणारच! रडारला तो सापडला नाही यातही गूढ नाही. तेव्हा गुरू सुमारे ६१ कोटी किलोमीटर अंतरावर होता. तिथून प्रकाशाला इथे यायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो.

जवानांना दोष देणे चूक ठरेल. चार हजार मीटरच्या वर हवा विरळ आणि धूळविरहित असते. मैदानात न दिसणारे तेज तिथे दिसते, शुक्र भरदिवसा टिकून राहतो. काळ्याकुट्ट आकाशात एकाच स्थिर दिव्याकडे टक लावून पाहिले की तो हलल्याचा भास होतो. वैमानिकांना रात्रीचे उड्डाण शिकताना हा भ्रम मुद्दाम समजावून देतात. बीदरच्या हवाई दलाच्या तळावर पिढ्यान्‌पिढ्या वैमानिक घडत आले, १९९६ मध्ये सूर्यकिरण पथक तिथेच उभे राहिले. रात्री विमानांचे दिवे पाहत मोठ्या झालेल्या आपल्या लोकांना, दिव्यावरून अंतर सांगणे किती अवघड असते हे वेगळे सांगायला नको. अमेरिकेच्या हवाई दलाने १९६९ पर्यंत ‘ब्लू बुक’ प्रकल्पात १२,६१८ अशा नोंदी तपासल्या. त्यांनाही जे. अ‍ॅलन हायनेक हा खगोलशास्त्रज्ञ सल्लागार म्हणून हाताशी ठेवावा लागला. तरी ७०१ नोंदी अनिर्णीत राहिल्या. पँगाँगच्या जवानांनी दिसेल ते, दिसेल त्या वेळी, न कंटाळता लिहून ठेवले. ती दैनंदिनी नसती तर शास्त्रज्ञांना जुळवायला काहीच नव्हते. या तपासाचे अर्धे श्रेय त्यांचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सीमेवर अशी गैरसमजूत महाग पडू शकली असती. गुरूवर गोळी झाडण्याने गुरूला काही होत नाही, पण पलीकडच्या चौकीत गोळी चालल्याची नोंद होते. शुक्र-गुरूच्या उदयास्ताचे साधे कोष्टक सीमेवरच्या प्रत्येक ठाण्यात लटकवावे, ही सूचना करण्यासाठी शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही.

याच दशकात संस्थेने बनवलेली अतिनील दुर्बीण २८ सप्टेंबर २०१५ ला अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहातून अवकाशात गेली. २०१८ मध्ये मुंबईच्या आयआयटीबरोबर हानलेला ७० सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीण सुरू झाली. आकाशात अचानक भडकणाऱ्या आणि विझणाऱ्या दिव्यांचा पाठलाग करणे, हेच तिचे काम.

२०२१ पासून : चालू काम

२ सप्टेंबर २०२३ ला निघालेल्या आदित्य-एल१ यानावरचे मुख्य उपकरण, सूर्याचा किरीट (ग्रहणात बिंबाभोवती दिसणारे तेजोवलय) पाहणारा किरीटलेखी, संस्थेच्या होसकोटे केंद्रात जुळवले गेले. ६ जानेवारी २०२४ ला यान ठरलेल्या जागी पोहोचले. ग्रहणाची वाट न पाहता किरीट दिसावा, ही १८६८ च्या जमखंडीपासूनची इच्छा आता रोज पुरी होते. कोडाईकनालच्या जुन्या काचपट्ट्या अंकीय रूपात आल्या आहेत आणि कुठल्याही देशातला अभ्यासक त्या वापरू शकतो.

२०२२ मध्ये हानलेच्या परिसराला अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र जाहीर केले गेले. संस्थेने तिथल्या गावकऱ्यांना दुर्बिणी दिल्या आणि आकाश दाखवण्याचे शिक्षण दिले. येणाऱ्या पाहुण्यांना शुक्र कोणता, गुरू कोणता हे आता तिथले स्त्री-पुरुष सांगतात. घरांच्या खिडक्यांना जाड पडदे लागले, गाड्यांचे दिवे मंद ठेवण्याचे नियम झाले.

सूर्यासाठी दोन मीटरची नवी राष्ट्रीय दुर्बीण उभारण्याची संस्थेची योजना आहे. तिच्यासाठी हवा, ढग आणि सूर्यबिंबाची थरथर वर्षानुवर्षे मोजून जागा निवडली आहे ती मेरक गावाजवळची, पँगाँग सरोवराच्या काठावरची.